परागकणांची पारख

जबलपूर शहराच्या पूर्व अंगाला रांझी हे उपनगर वसलेले आहे. खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि वाहनांचा कारखाना यांच्या आधाराने ही वस्ती वाढली. कामगारांच्या वसाहती, लांबच लांब कुंपणभिंती, रस्त्यांच्या कडा आणि मधूनमधून राहून गेलेल्या मोकळ्या जागा असे तिचे स्वरूप आहे. जबलपूर परिसरातील इतर वस्त्यांप्रमाणे येथेही पावसाळ्याच्या उत्तरार्धात या मोकळ्या जागांचा ताबा एक तण घेते. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात आणि शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले येतात. हिंदी भाषक शेजारी त्याला गाजरघास म्हणतात. मराठी घरांत ते गाजरगवत किंवा काँग्रेस गवत या नावाने परिचित आहे. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

याच दिवसांत कोणाला तरी सकाळी उठताच शिंकांची उबळ येते, डोळे चुरचुरतात, नाक वाहू लागते आणि दोष बहुधा दारासमोरच्या गाजरगवताला दिला जातो. हा आरोप खरा असू शकतो. पण तो सिद्ध करणे वाटते तितके सोपे नाही. त्याच हवेत इतर गवतांचे, माठ व चाकवत यांच्या कुळांतील वनस्पतींचे, एरंडाचे परागकण तरंगत असतात. बुरशींची बीजुकेही असतात. रोग्याच्या दृष्टीने या प्रश्नाला फार महत्त्व आहे. त्वचेवर कोणत्या परागाच्या अर्काची चाचणी घ्यावयाची, कोणत्या महिन्यांत जपावयाचे, घराभोवतीची कोणती वनस्पती उपटल्याने उपयोग होईल आणि कोणती उपटण्याचे श्रम व्यर्थ जातील, हे सारे त्या धुळीतील कणांची नावे कळण्यावर अवलंबून असते. बोटाला लागलेली पिवळसर भुकटी मात्र नुसत्या डोळ्यांना आपले नाव सांगत नाही.

फुलातील पुंकेसरांच्या टोकांशी जे परागकोश असतात, त्यांत परागकण तयार होतात. आपल्याच जातीच्या दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोचणे आणि तेथे परागनलिका फुटून आतील पुंयुग्मके बीजांडापर्यंत नेणे, एवढेच त्यांचे जीवितकार्य. हा प्रवास कधी कीटकाच्या अंगावरून, कधी वाऱ्यावरून होतो आणि वाटेत ऊन, कोरडेपणा व धक्के सोसावे लागतात. म्हणून परागकणाची भिंत दुहेरी असते. आतील पातळ अंतःकवच मुख्यतः सेल्युलोज व पेक्टिन यांचे असते. बाहेरील बाह्यकवच मात्र स्पोरोपोलेनिन या पदार्थाचे असते आणि सजीवांनी निर्माण केलेल्या पदार्थांत याच्याइतका चिवट पदार्थ क्वचितच आढळेल. तीव्र अम्लांना किंवा अल्कलींना तो सहजासहजी दाद देत नाही. गुन्नार एर्डटमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने परागकण स्वच्छ करण्याची जी रीत रूढ केली, तीत नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक अम्ल यांच्या मिश्रणात कण तापवितात. कणातील जिवंत द्रव्य, अंतःकवच, पृष्ठभागावरील तेलकट लेप, सारे नाहीसे होते आणि बाह्यकवच तेवढे शिल्लक राहते.

हे बाह्यकवच सपाट नसते. त्यावर काटे, जाळ्या, रेघा, खळगे किंवा बारीक दाणे असतात. परागनलिका बाहेर पडण्यासाठी ठरावीक जागी खाचा अथवा वाटोळी रंध्रे असतात. या सर्व खुणांची मांडणी आनुवंशिक असते. एका जातीच्या झाडांत ती पिढ्यान्‌पिढ्या कायम राहते. परागकणांवरून वनस्पतीचे नाव सांगण्याचा खटाटोप शक्य होतो तो यामुळेच. या अभ्यासाला परागविज्ञान असे नाव आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकाने हे काम शतकानुशतके चालले. इंग्लंडमधील निहेमाया ग्रू याने वनस्पतींच्या शरीररचनेवरील आपला ग्रंथ १६८२ साली प्रसिद्ध केला, तेव्हाच निरनिराळ्या फुलांचे परागकण निरनिराळ्या आकारांचे असतात हे त्याच्या ध्यानात आले होते. परंतु प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक उपजत मर्यादा आहे. एकमेकांपासून सुमारे ०.२ मायक्रॉनहून कमी अंतरावर असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. भिंगे कितीही निर्दोष असोत, प्रकाशलहरींची लांबीच आड येते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) दुसरी अडचण व्यवहारात अधिक जाचक ठरते. काटेरी कणाच्या काट्यांच्या टोकांवर भिंग स्थिर करावे तर काट्यांचे बूड धूसर होते आणि बुडावर करावे तर टोके अदृश्य होतात. अशा वेळी निरीक्षक भिंग वरखाली करीत राहतो आणि कणाची संपूर्ण आकृती त्याला मनातच जुळवावी लागते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर केल्या. माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये असे पहिले यंत्र बांधले. रुस्का यांना त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक मात्र १९८६ साली, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर मिळाले. त्या पहिल्या यंत्रात इलेक्ट्रॉन पदार्थाच्या आरपार जात. परागकणांच्या पृष्ठभागाच्या अभ्यासकाला उपयोगी पडले ते क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे दुसऱ्या प्रकारचे यंत्र. केंब्रिजमधील एका कंपनीने ते १९६५ साली बाजारात आणले. यात इलेक्ट्रॉनांचा अतिशय बारीक झोत कणाच्या पृष्ठभागावरून ओळीने फिरवितात, शेतात नांगर तासामागून तास फिरतो तसा. झोत जेथे पडतो तेथून दुय्यम इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतात, ते गोळा केले जातात आणि त्यांच्या संख्येनुसार पडद्यावरचा तो तो बिंदू उजळ किंवा काळसर दिसतो. काट्याचे टोक व बूड दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसावे हा या यंत्राचा मोठा गुण आहे.

यंत्रात हवेची पोकळी असते. ओल्या, नाजूक पेशी तेथे चिपाड होऊन जातात; परागकण मात्र आपल्या कवचामुळे तग धरतात. कण विजेचा सुवाहक नसल्याने झोताखाली त्याच्यावर विद्युत्भार साचतो आणि चित्र बिघडते. ते टाळण्यासाठी कणांवर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा देतात. एवढे सोन्याने मढवूनही चित्रात सोन्याचा रंग उतरत नाही, कारण येथे प्रकाशच नसतो; सारे करड्या छटांत दिसते. नियतकालिकांत परागकणांची जी निळी, गुलाबी, पिवळीधमक चित्रे छापून येतात, त्यांतील रंग मागाहून भरलेले असतात.

आता रांझीच्या अंगणात व नाल्याकाठी सापडणारे काही कण शेजारी शेजारी ठेवले तर काय दिसेल ते पाहू. जास्वंदीचा परागकण या मेळ्यात महाकाय ठरतो. त्याचा व्यास सुमारे १५० मायक्रॉन भरतो आणि तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला तो ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. तो गोल असून त्याच्या सर्वांगावर मोठे काटे असतात व काट्यांच्या मधल्या जागेत रंध्रे विखुरलेली असतात. नाल्याच्या काठी वाढणाऱ्या बेशरमीच्या जांभळट फुलाचा परागकण त्याहून काहीसा लहान. पण तोही गोल, तोही काटेरी, त्यालाही अनेक रंध्रे. जास्वंद ही भेंडी आणि कापूस यांच्या कुळातील, तर बेशरम रताळ्याच्या कुळातील, नाते दूरचे. तरीही प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात नवशिका सहज फसावा इतके हे कण सारखे दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फरक उघड होतो. बेशरमीच्या कणाचा पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे घरांत विभागलेला असतो, प्रत्येक घराच्या तळाशी रंध्र असते आणि काटे घरांच्या बांधांवर उभे असतात. जास्वंदीत अशी बांधबंदिस्ती नसते. पाहुण्या कीटकाच्या किंवा पक्ष्याच्या अंगाला चिकटण्याची गरज दोघांचीही एकच; त्या गरजेतून हे बाह्य साम्य आले असावे.

याच्या अगदी उलट प्रकार गाजरगवत आणि सूर्यफूल यांच्याबाबत आढळतो. ही दोन्ही एकाच कुळातील आहेत, पण बागेतील सूर्यफूल व गटारालगतचे गाजरगवत यांना कोणी सहजासहजी सोयरे म्हणणार नाही. त्यांचे परागकण पाहिले म्हणजे मात्र घराण्याची ठेवण लपत नाही. दोन्ही कण वाटोळे, दोहोंना तीन खाचा व प्रत्येक खाचेच्या मध्यावर एकेक रंध्र, दोहोंवर काटे. सूर्यफुलाचा कण साधारण ३० ते ४० मायक्रॉनांचा आणि त्याचे काटे लांब व अणकुचीदार. गाजरगवताचा कण १५ ते २० मायक्रॉनांचा, म्हणजे जवळजवळ निम्मा, आणि काटे आखूड व बुडाशी रुंद. या दोघांच्या पंगतीला अमेरिकेतील रॅगवीड या तणाचा कण बसवावा. त्या खंडातील परागज्वराचे ते कुप्रसिद्ध कारण असून गाजरगवताचे जवळचे नातलग आहे. रॅगवीडचे काटे आणखी खुजे, जवळजवळ टेंगळांसारखे असतात. सूर्यफुलाची सारी भिस्त कीटकांवर. रॅगवीड वाऱ्यावर विसंबते. गाजरगवताकडे कीटकही येतात आणि त्याचा पराग वाऱ्यावरही जातो. कीटकांकडून वाऱ्याकडे जाताना काटा आखूड होत गेला, असे या तीन चित्रांवरून म्हणता येते. बंगलोर येथे १९९० नंतरच्या दशकात झालेल्या संशोधनात असेही आढळले की गाजरगवताच्या परागातील आणि रॅगवीडच्या परागातील काही प्रथिने शरीराला सारखीच वाटतात. एकाची वावडी असलेला माणूस दुसऱ्यालाही प्रतिसाद देऊ शकतो.

गवतांपाशी मात्र या यंत्राचीही मात्रा फारशी चालत नाही. गहू, हरळी, ज्वारी, कुरणातली रानगवते या सर्वांचा परागकण गोलसर, जवळपास गुळगुळीत आणि एकाच रंध्राचा असतो. रंध्राभोवती कडे व त्यावर झाकण. मक्याचा कण ८० ते १०० मायक्रॉनांचा असल्याने आकारावरून ओळखू येतो. बाकीच्यांच्या पृष्ठभागावर बारीक दाण्यांच्या मांडणीचे थोडेफार भेद दिसतात, पण त्यांवरून खात्रीने नाव घेणे धाडसाचे होईल. माठ आणि चाकवत यांच्या कुळांचे कणही, सर्वांगावर सारख्या अंतराने रंध्रे असलेल्या चेंडूसारखे, एकमेकांशी इतके जुळतात की पुष्कळ अभ्यासक त्यांची गणती एकत्रच करतात. बाभळीचे कण सुटे नसतात. बहुधा सोळा सोळा कणांची घट्ट गाठोडी असतात. रुईचा पराग तर पिशव्यांत बांधलेला असून तो हवेत उडतच नाही. रुईच्या म्हाताऱ्या किंवा सावरीचा कापूस उडू लागला की शिंका त्यामुळेच येतात अशी समजूत आहे. ते बियांचे व फळांतले तंतू असतात, परागाशी त्यांचा काही संबंध नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पुस्तकांत परागकणांची चित्रे एका पानावर सारख्या आकाराची छापतात. त्यामुळे जास्वंद आणि गाजरगवत यांचे कण एकाच मापाचे असावेत असा वाचकाचा ग्रह होतो. वास्तविक पहिल्याचा व्यास दुसऱ्याच्या आठनऊपट, म्हणजे आकारमान पाचसहाशेपट आहे. चित्राखालची मापरेषा न पाहता केलेली तुलना निरर्थक समजावी. दुसरी फसगत ओलाव्याची. कण सुकला की खाचा आत ओढल्या जातात आणि वाटोळा कण गव्हाच्या दाण्यासारखा लांबट होतो. ओलावा मिळताच तो पुन्हा फुगतो. एकाने कोरडा आणि दुसऱ्याने फुगलेला कण पाहिला तर एकाच फुलाच्या दोन जाती कागदावर निर्माण होतात. म्हणून तुलना करावयाचे सर्व कण एकाच रीतीने तयार करावे लागतात, प्रत्येक जातीचे अनेक कण पाहावे लागतात, आणि तेही वरून व बाजूने अशा दोन्ही अंगांनी.

कवचाच्या चिवटपणाचा आणखी एक पुरावा जबलपूरकरांच्या अगदी जवळ आहे. दख्खनचा लाव्हा या भागापर्यंत पसरला होता आणि त्याच्या दोन थरांच्या मध्ये तळ्यांचा गाळ दगड होऊन अडकून पडला आहे. जबलपूरजवळ पडवार आणि गौर नदीकाठचे राणीपूर येथील अशा थरांतून मिळालेल्या परागाश्मांचे अभ्यास १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. खडक हायड्रोफ्लुओरिक अम्लात विरघळवितात. सिलिका जाते, परागकणाचे कवच राहते. पडवारच्या कणांत ॲक्विलापोलेनाइट्स या नामशेष गटातील विलक्षण कण होते; त्यांच्या मध्यकायेतून हातांसारखे फाटे निघालेले असतात. हा गट क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीचा निदर्शक मानला जातो. त्यावरून तो गाळ डायनोसॉर अद्याप पृथ्वीवर असतानाचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. खडक कोणत्या काळचा हे सांगण्यासाठी एवढा बारीक साक्षीदार पुरतो.

गाजरगवताच्या बाबतीत साक्षीपुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. हे तण मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. पुण्यात ते वाढत असल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली आणि पुढे ते देशभर पसरले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असा लोकप्रवाद आहे. पुण्यातच १९७४ च्या सुमारास डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी यांनी या तणामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन वैद्यकीय जगापुढे मांडले. चेहरा, मान, कोपरांचे खळगे यांवर खाज सुटून कातडी जाड व काळवंडलेली होते. हा दाह मुख्यतः पार्थेनिन या द्रव्यामुळे होतो. ते पानांवरील व खोडावरील केसांत असते आणि वाळलेल्या झाडाच्या चुऱ्यातूनही अंगावर येते. शिंका आणणारा नासिकादाह हा वेगळा विकार असून तो परागातील प्रथिनांमुळे होतो. सामान्य बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते. उपचाराच्या दृष्टीने ती घातक आहे.

या परागाच्या विपुलतेचे रहस्य फुलाच्या घडणीत सापडते. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पाच फुलांना बी धरते. मधली सुमारे चाळीस फुले केवळ पराग देतात. बंगलोर येथील एस. डी. कांचन आणि जयचंद्र यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका झाडापासून सरासरी ६२ कोटींहून अधिक परागकण मिळतात असा हिशेब दिला आहे. हे कण एकेकटे उडण्यापेक्षा पुंजक्यांनी उडतात आणि शेजारच्या पिकांवर पडतात. टोमॅटो, वांगी, घेवडा यांच्या फुलांत कुक्षीवर हा परका पराग पडला तर फळधारणा घटते, असे त्यांना आढळले. टोमॅटोचा स्वतःचा कण जवळपास गुळगुळीत असतो. त्याच्या कुक्षीवर काटेरी कण दिसला की आगंतुक कोण ते ओळखण्यास वेळ लागत नाही.

तथापि चित्रावरून नाव कळते, अपराध कळत नाही. कण नाकाच्या ओलसर त्वचेवर पडल्यावर काही मिनिटांतच त्याच्या भिंतीतील प्रथिने बाहेर झिरपतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला ही प्रथिने दिसत नाहीत. त्यामुळे हवेत गाजरगवताचे कण आहेत, ते अमुक महिन्यात अधिक आहेत आणि या रोग्याच्या त्वचेने त्यांच्या अर्काला प्रतिसाद दिला, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी रोजचे काम पुन्हा साध्या सूक्ष्मदर्शकानेच होते. हवा खेचणाऱ्या यंत्रात मिनिटाला दहा लिटर हवा एका चिकट पट्टीवर सोडतात. पट्टीचे पिंप सात दिवसांत एक फेरा पुरा करते. पट्टीचे दिवसागणिक तुकडे करून, फ्युक्सिनने गुलाबी रंगवून कण मोजतात. हजारो कणांवर सोने चढविण्यास कोणापाशी वेळ नसतो आणि पैसाही नसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे मोजणाऱ्याच्या मेजावर टेकून ठेवलेली असतात. गुलाबी ठिपक्याच्या कडेला आखूड काटे आणि तीन खाचा दिसल्या की ते काय असावे, हे त्या चित्रांनी त्याच्या डोळ्यांना आधीच शिकविलेले असते.

तणांच्या अभ्यासाचे राष्ट्रीय केंद्र १९८९ साली जबलपूरमध्येच स्थापन झाले. महाराजपूर भागातील ही संस्था आता तण संशोधन संचालनालय या नावाने ओळखली जाते. १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात गाजरगवताविषयी देशभर जी जागृती मोहीम होते, तिची सूत्रे तेथून हलतात. फुले येण्यापूर्वी झाडे मुळासकट, हातमोजे घालून उपटावीत, असे तेथे सांगितले जाते. परागाचा विचार करता ‘फुले येण्यापूर्वी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मेक्सिकोतून १९८३ साली बंगलोरला आणलेला झायगोग्रामा जातीचा भुंगेराही या तणावर सोडतात. तो आणि त्याच्या अळ्या पाने कुरतडून झाड बोडके करतात व त्यामुळे फुले कमी येतात. हा भुंगेरा पावसाळ्यात जोमात असतो. थंडी पडू लागली की जमिनीत शिरून निपचित राहतो. त्या महिन्यांत गटारांच्या काठी, नळांच्या आसपास, जेथे जेथे ओलावा टिकतो तेथे गाजरगवत फुलतच राहते, आणि चिकट पट्टीवर त्याचे काटेरी कण येत राहतात.